पलीकडून दिसणारा काठ

माटुंग्याला माझ्या लेकीच्या इमारतीमागून एक नाला जातो. मे महिना सरत आला की तिथं पोकलेन येतं, लांब हात नाल्यात घालून काळा गाळ उपसतं आणि काठावरच ढीग रचून ठेवतं. ढीग वाळला की ट्रकनं न्यायचा, असं ठरलेलं असतं. पण बऱ्याचदा ट्रकच्या आधी पाऊस पोचतो आणि निम्मा गाळ होता तिथं परत जाऊन बसतो. लेक म्हणते, "आई, खिडकी लाव, वास येतोय." मी लावते, पण काचेपाशी उभी राहून बघत राहते. वासाचं मला काही नाही, त्या वासातच मी मोठी झाले. मी बघत असते तो काठ. वरून अगदी घट्ट दिसतो. त्यावर गवत असतं, कुणाची मोटारसायकल लावलेली असते, दुपारी एखादा माणूस तिथंच डबा उघडून जेवायला बसतो. त्याला हाक मारावीशी वाटते. पण सांगणार काय? बाबा रे, काठ वरून कधी खरा दिसत नाही, तो पलीकडून बघावा लागतो, हे नवव्या मजल्यावरून कसं ओरडून सांगायचं?

मी आयुष्यभर म्युनिसिपालिटीच्या शाळेत भूगोल शिकवला. 'नदीचे कार्य' हा धडा दरवर्षी यायचा. खनन, वहन, संचयन. फळ्यावर नागमोडी नदी काढायची. बाहेरच्या वळणावर पाण्याचा जोर जास्त, तिथं काठ झिजतो. आतल्या वळणावर पाणी मंदावतं, तिथं वाहून आणलेला गाळ बसतो. असं होत होत नदी आपली जागा बदलते. इतर धडे मी रंगवून शिकवायचे, हा मात्र घाईनं उरकायचे. एकदा एका मुलीनं विचारलं, "बाई, पण बाहेरच्या वळणावर कुणाचं घर असलं तर?" मी म्हटलं, "ते आपल्याला परीक्षेला नाही," आणि पुढचा धडा उघडायला सांगितला. 

आमचं घर बाहेरच्या वळणावर होतं.

नदी कसली, नालाच तो. परळच्या चढावरून उतरणारं पाणी, गिरण्यांचं सांडपाणी, चाळींच्या मोऱ्यांचं पाणी असं सगळं घेऊन तो लालबागच्या मागून वळत वळत रे रोडकडे जायचा आणि लाकडाच्या वखारींमागे खाडीच्या चिखलात शिरायचा. त्याला नाव नव्हतं. गिरणीत ज्या दिवशी जो रंग लागला असेल तो रंग पाण्याला. सकाळी हिरवं, दुपारी जांभळं. भरतीला खाडीचं पाणी उलटं चढायचं. मग नाला फुगून जागीच थांबायचा आणि ओहोटी लागली की सगळं पाणी एकदम घाई केल्यासारखं निघून जायचं.

वळणाच्या आतल्या अंगाला दुसरी वस्ती होती, बैठ्या खोल्यांची. तिथली माणसं बाबासाहेबांना मानणारी. छप्पन सालच्या दसऱ्याला त्यांच्यातले पुष्कळजण नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, पण मी सांगतेय तो पावसाळा त्याच्या थोडा आधीचा. कौसल्या तिथं राहायची. ती आणि मी मॅट्रिकच्या वर्गात एका बाकावर बसायचो आणि शाळा सुटली की नाल्याच्या दोन काठांवर. पूल लांब, मोठ्या रस्त्याला. म्हणून आम्ही ओरडूनच बोलायचो.

"कौसे, भूगोल झाला का गं?"

"खनन झालं, वहन झालं! संचयन ऱ्हायलंय!"

तिच्या घरी मी कधी गेले नव्हते. ती आमच्या चाळीत कधी आली नव्हती. तसं कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायची गरजही नव्हती.

आमच्या खोलीत तेव्हा आम्ही चौघं. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. दादा, माझा मोठा भाऊ, त्याच गिरणीत बदली कामगार. त्याची बायको, म्हणजे माझी वहिनी, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. आणि मी. आई मालवणजवळ गावी, शेतीवर. गिरणगावातल्या निम्म्या घरांत असंच होतं, माणूस इथं आणि जमीन तिथं.

त्या हिवाळ्यात मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि आमच्या रस्त्यावर पेटलं. सभा, मोर्चे, मग लाठ्या, अश्रुधूर आणि गोळ्या. गोळीचा आवाज मला फटाक्यासारखा वाटेल असं वाटलं होतं. तसा तो नव्हता. कोरडा होता, जवळच फळी मोडावी तसा. आम्ही दारं लावून जमिनीवर पालथ्या पडून असायचो. वहिनीचा तळहात माझ्या पाठीवर असायचा.

पोलिसांच्या गाड्या गल्लीत शिरू नयेत म्हणून रस्ता अडवायचा होता. अडवायला दगड हवे होते. रस्त्यावर दगड नव्हते, पण चाळीमागे वळणावर होते. कुणीतरी, इंग्रजांच्या वेळेला म्हणे, नाल्याच्या काठाला काळे दगड रचून पाळ बांधली होती. चुना नाही, नुसता दगडावर दगड. दादानं पहिली पहार घातली. वरचा एक दगड सुटला की खालचे सोपे जातात. पोरं उतरली, चाळीच्या बोळातून रस्त्यापर्यंत माणसांची रांग लागली आणि दगड हातोहात पुढे जाऊ लागले. बायका पाणी देत होत्या. सगळी चाळ त्या रांगेत होती. दादाची बोटं सोलवटली होती आणि तोंडावर असा उजेड होता की मला वाटलं, माझ्या भावासारखा भाऊ अख्ख्या मुंबईत नाही.

गाड्या शिरल्या नाहीत. कर्फ्यू उठला, मग लॉऱ्या आल्या आणि रस्त्यातले दगड भरून कुठं तरी घेऊन गेल्या. कुठं, ते कुणी विचारलं नाही. वळणावर आता उघडी लाल माती दिसत होती. नाल्यात तेव्हा घोटाभर पाणी. कुणाला काही वाटलं नाही, मलाही नाही. मी तर मार्चमध्ये परीक्षेला बसले आणि 'नदीचे कार्य' वर आलेला प्रश्न आकृतीसकट लिहून आले.

उन्हाळ्यात दादानं सत्याग्रह केला. चाळीनं त्याला हार घातला, 'झालाच पाहिजे' च्या आरोळ्या दिल्या. त्याला शिक्षा झाली. वहिनीला तेव्हा दिवस गेलेले होते. तिनं दाराशी उभं राहून त्याला ओवाळलं, आणि तो गल्लीच्या वळणापलीकडे गेल्यावर खोलीत येऊन भिंतीला टेकून बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही.

पाऊस लागला तेव्हा पहिले काही दिवस नाला नुसता भरून वाहिला. मग एका सकाळी, मी चहाचं पाणी ठेवत असताना, मागून आवाज आला. धप्प. ओल्या पिठाचा गोळा परातीत टाकावा तसा. मोठा नाही. मी मोरीच्या खिडकीतून बघितलं तर कडेला काल असलेलं एरंडाचं झुडूप नव्हतं. त्या जागी पाणी होतं. दुपारी पुन्हा धप्प. मग ते रोजचं झालं.

हिवाळ्यातली भीती ओरडून यायची. दार लावलं, कानांवर हात घेतले, पालथं पडलं की काहीतरी केल्यासारखं वाटायचं. ही भीती अशी की तिच्यापासून पळायला जागाच नव्हती, कारण ज्यावर उभं राहून पळायचं तेच कमी होत होतं. आम्ही बोलायचो हळू. पोरं बोळातून धावली तर बायका ओरडायच्या, "पाय आपटू नका रे!" बाबांनी पाण्याचं पिंप मागच्या भिंतीपासून उचलून पुढच्या दाराशी आणलं. कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. मोरीच्या फरशीत एक भेग पडली. बाबांनी सिमेंट आणून ती बुजवली. चार दिवसांनी ती त्याच रेघेवर उघडली, केसाएवढी. वहिनी मागच्या भिंतीशी पाणी भरून पेला ठेवायची आणि त्यातलं पाणी हलतं का ते बघत बसायची. मी कितीदा तो पेला उचलून ठेवला. ती पुन्हा भरून ठेवायची.

तिला माहेरी पाठवावं, तर पावसाळ्यात कोकणची बोट बंद. घाटातून एस.टी.नं न्यावं, तर सुईण म्हणाली, या दिवसांत त्या रस्त्यानं नेऊ नका. भाड्याची दुसरी खोली त्या दिवसांत मिळत नव्हती. मालकाचा माणूस छत्री घेऊन आला, काठावर उभा राहिला, टाच आपटून म्हणाला, "घट्ट आहे की." नंतर म्युनिसिपालिटीच्या कचेरीतला एक माणूस आला. तोही तिथंच उभा राहिला. तोही तेच म्हणाला.

आणि समोर? समोरच्या काठावर दर पुरानंतर नवा गाळ येऊन बसत होता. आमच्याकडचं धप्प झालेलं सगळं थोडं थोडं तिकडे जात होतं असं मला वाटायचं. पाणी ओसरलं की त्या गाळाची कड दिसायची, थराथरांची, थरात गिरणीचे रंग. एक पट्टी निळसर, एक तांबूस, मध्ये कापसाचा पांढरा पुंजका. कौसल्येची आई पारूबाई तिथं अळू लावत होती. नाल्याची रुंदी मात्र तेवढीच होती. तो मोठा झाला नव्हता, नुसता आमच्याकडे सरकत होता. पुस्तकात होतं अगदी तसं. पुस्तकातलं खरं होताना बघण्यासारखी दुसरी भीती नाही.

नळावर आता बोलणं बदललं होतं. आमच्या शेजारी, कोपऱ्यातल्या खोलीत बाबलकाका राहायचे. बायको गावाला, इथं गाववाल्या चार माणसांत एक खोली. रातपाळीचे, म्हणून दिवसा झोपायचे. एरवी मायाळू माणूस, मला लहानपणी खांद्यावर घेऊन गणपती दाखवलेले. एका सकाळी नळावर ते बाबांना सगळ्यांदेखत दादावरून म्हणाले, "तुझ्या झिलान म्हाराष्ट्र हाडूक म्हणान आमचो काठ फोडल्यान."

बाबा मान खाली घालून बादली भरत राहिले. वहिनी मागे उभी होती. मोठं पोट, हातात कळशी. ती सासऱ्यांसमोर कधी तोंड उघडत नसे. ती म्हणाली, "काका, त्या दिवशी रांगेत कोण नव्हतो, ता सांगा."

बाबलकाकांनी तिच्याकडे बघितलं. मग स्वतःच्या हातांकडे. "नाय गो," ते म्हणाले, "भियालंय मी, म्हणान बोलतंय." आणि तोंड न धुताच आत गेले. त्या सबंध पावसाळ्यात भीती वाटते असं उघड म्हणणारा तो एकटाच.

श्रावण लागला होता. त्या दिवशी पहाटेपासून धार लागलेली आणि वर मोठी भरती. नाला तुडुंब झाला, मोरीच्या तोंडापर्यंत पाणी आलं. बाबा पहिल्या पाळीला गेले होते. बाबलकाका रातपाळी करून येऊन खोलीत एकटेच झोपले होते, बाकीचे तिघे कामावर. वहिनी आणि मी खाटेवर पाय वर घेऊन बसलो होतो. दुपारच्या आत ओहोटी लागली आणि पाणी उतरू लागलं, भराभर, हात हात उतरलं. वहिनीनं मोठा श्वास सोडला. "उतरला गो पाणी," ती म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली. मी उठून स्टोव्ह पेटवला.

नंतर शिकवताना मला कळलं, तेव्हा कळलं नव्हतं. भरलेलं पाणी काठाला बाहेरून टेकू देत असतं. ते झपाट्यानं उतरलं की टेकू जातो आणि पाणी पिऊन जड झालेली माती एकटी उरते. आम्हाला हायसं वाटलं, ती खरी वाईट वेळ होती.

पुढच्या बोळात आरडाओरडा झाला. "कोण तू? खंय जातंस?" असं आमच्या चाळीतली एक बाई म्हणत होती. दारात पारूबाई येऊन उभी राहिली. नखशिखांत भिजलेली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, धाप अशी की शब्द फुटेना. पुलावरून वळसा घालून ती धावत आली होती.

"पोरी, भाईर निघ. ह्या बाईला घे आन् निघ. खाली काय ऱ्हायलं न्हाई. पल्याडनं बघतीया मी, पानी उतारलं आन् दिसलं. तुमच्या खोल्या नुसत्या लोंबत्यात. खाली समदी पोकळी हाय."

मी स्टोव्हकडे बघितलं. मला म्हणायचं होतं, चहा होतोय. वहिनी मात्र उठली. काही घेतलं नाही, पदरसुद्धा सावरला नाही, पारूबाईचा हात धरला आणि उंबरा ओलांडून चालू लागली. तिला चालताना बघून बाकीच्या बायका हलल्या. पोरं काखोटीला, म्हातारी माणसं हाताला. सगळं फार मुकाट झालं. कुणी ओरडलं तर जमीन ऐकेल अशी भीती होती.

बाबलकाकांच्या दाराला आतून कडी होती. मी दोन्ही मुठींनी दार वाजवलं. "काका! काका उठा! भायर येवा!"

आतून झोपेतला आवाज आला. "उठतंय गो, उठतंय. कित्याक बोंबलतंस?"

"काठ जातोय काका!"

खाट करकरली. पावलं आली, अनवाणी. कडी सरकल्याचा आवाज मी ऐकला. तेवढ्यात मागून कुणीतरी माझा दंड धरून मला इतक्या जोरात ओढलं की मी बोळात आडवी पडले. पारूबाई होती ती. पडता पडता आवाज आला. तो धप्प नव्हता. एक लांब उसासा होता, आणि त्याच्यामागून भांड्यांचा खणखणाट.

मी मान वर केली. बाबलकाकांचं दार उघडलं होतं. चौकट जागेवर होती, उंबरा जागेवर होता, वर टांगलेली लिंबू-मिरचीसुद्धा. दारापलीकडे खोली नव्हती. पाऊस पडत होता आणि समोर, नाल्यापलीकडे, पारूबाईचं हिरवंगार अळू दिसत होतं.

आजही कुणी दार उघडलं की पलीकडे जमीन आहे ना, ते मी आधी बघते. लेक हसते. तिला मी कारण सांगितलेलं नाही.

मागच्या सगळ्या खोल्या त्या दुपारी गेल्या. माणूस एकच गेला. दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला बाबलकाका सापडले ते आतल्या वळणावर, नव्या गाळात. नाल्यानं त्यांना फार लांब नेलं नव्हतं. अंगावर गाळाचा पातळ थर बसला होता, चादरीसारखा, असं कौसल्या म्हणाली. तिथल्या माणसांनी त्यांना उचललं, आपल्या नळाचं पाणी आणून तोंड, हातपाय स्वच्छ धुतले, धुतलेल्या धोतरात गुंडाळलं आणि फळीवर घालून पुलावरून आमच्या चाळीत आणलं. आमच्यातला एकजण कुजबुजला, कुणाकुणाचे हात लागलेत त्यांना, कोण जाणे. बाबा कधी कुणावर आवाज चढवत नसत. ते त्याच्याकडे वळून म्हणाले, "गप रव. त्येंनी हाडल्यानी म्हणान आमका गावलो."

कौसल्या माझ्याजवळ उभी होती. पहिल्यांदाच आमच्या बोळात. ती रडत म्हणाली, "आम्हाला कधीचं दिसत होतं गं. काठ खालून खाल्लेला. आय म्हणायची, सांगावं का. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. तुमच्याच पायाखालचं ना ते."

आम्ही गाववाल्यांच्या एका खोलीत पुढच्या बाजूला राहायला गेलो. गणपतीच्या दिवसांत वहिनी बाळंत झाली. मुलगी झाली, चांगली सशक्त. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, दर्या शांत झाला, बोटी सुरू झाल्या. आणि दादा सुटून आला. पोरांनी हार आणला होता. दादानं तो गळ्यात घालू दिला नाही. तो सरळ मागे गेला आणि उघड्या दाराच्या चौकटीशी उभा राहिला. वहिनी मुलीला घेऊन त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिनं त्याला काय सांगितलं ते मला माहीत नाही.

पुढच्या आठवड्यात निरोप आला की बाबलकाकांची बायको बोटीनं येतेय. आणायला कुणीतरी जायला हवं होतं. दादा म्हणाला, "मी जातंय." मी बरोबर गेले. लाठ्यांपुढे उभा राहिलेला दादा भाऊच्या धक्क्यावर समुद्राकडे पाठ करून उभा होता. एकदा तो म्हणाला, "सुमे, परत जाऊया काय?" मग स्वतःच नाही म्हणाला.

काकी लहानखुरी होती, हातात गाठोडं, पायांना शेतातल्या भेगा. चाळीत आल्यावर तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. मोडक्या काठाशी उभी राहून म्हणाली, "हयसून काय एक दिसणा नाय. खंय गावले, ता दाखवा." मग आम्ही तिला पुलावरून पलीकडे नेलं. पारूबाईनं हात धरून जागा दाखवली. गाळ आता वर वाळला होता, त्यावर बारीक गवत आलं होतं. काकी खाली बसली आणि तळहात उघडा करून गाळावर ठेवला. पारूबाई तिच्या शेजारी टेकली.

दादा उभाच होता. तो म्हणाला, "काकी, काठाचे दगड मी काढलंय."

काकीनं वर बघितलं. "कित्याक?"

"मुंबई आमका व्हयी म्हणान."

"गावली?"

"नाय," तो म्हणाला. "अजून नाय."

काकीनं पुन्हा गाळाकडे बघितलं. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती साधेपणानं म्हणाली, "गावली काय माका कळय."

त्या हिवाळ्यात दादानं पाळ पुन्हा रचायला घेतली. सुट्टीच्या दिवशी तो आणि चाळीतली माणसं पडक्या भिंतींचे, कुंपणांचे, मिळतील तिथले दगड हातगाडीवर आणायची. दोन वर्षं गेली त्यात. यावेळी चुना घालून, पक्की. पाणी येऊन आपटायचं आणि काठ हलायचा नाही. आम्ही रात्री झोपू लागलो. पण पाण्याचा जोर कुठं जातो? पाळीवरून उसळून ते पुढच्या वळणावर पलीकडच्या काठाला भिडू लागलं. पारूबाईच्या वस्तीच्या खालच्या अंगाला माती सुटायला लागली. आमच्या काठावरून ते अगदी स्वच्छ दिसायचं. तिथल्या खोल्यांखालची पोकळी, बाहेर आलेली मुळं. कौसल्या तेव्हा नर्सिंगला गेली होती. मी बघायचे, खिडकी लावून घ्यायचे. चाळीत त्याविषयी कुणी बोलत नव्हतं. आमचा काठ बांधला होता.

मग मुंबईसह महाराष्ट्र झाला. अख्खं गिरणगाव दिव्यांनी भरलं, गुलाल, ताशे, रस्त्यात अनोळखी माणसं गळ्यात पडत होती. आमच्या चाळीनं मांडव घातला होता आणि दादाला वर बसवायचं ठरवलं होतं. दादा नव्हता. तो आदल्या दिवशीच्या बोटीनं कोकणात गेला होता, काकीला मुंबई मिळाल्याचं कळवायला.

परत आला तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाली काकी?"

"बरां झाला, म्हणाली. जेवूक वाढल्यान." त्यानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "मगे इचारल्यान, काठ बांधलास? बांधलो, म्हटलंय. तर म्हणता, आणि पलीकडलो?"

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. पहार उचलली, हातगाडी काढली. वहिनीनं मुलीला माझ्याकडे दिलं आणि पदर खोचून त्याच्यामागून निघाली. मी मुलीला कडेवर घेऊन त्यांच्यामागून पुलाकडे निघाले. चाळीतली काही माणसं दारांत उभी राहून बघत होती. एकजण म्हणाला, "आमचे दगड थंय कित्याक?" बाबा त्याच्याजवळून पुढे गेले आणि गाडीला मागून खांदा लावला. मग आणखी दोघे आले. सगळे नाही आले.

मे महिना सरत आला होता. खाडीच्या बाजूनं काळं येत होतं आणि काठ खालून किती खाल्लाय ते कुणालाच नक्की कळत नव्हतं. पारूबाईच्या वस्तीखाली दादा नाल्यात उतरून उभा होता, लोंबत्या मातीच्या अगदी खाली, आणि वरून येणारा पहिला दगड घ्यायला त्यानं हात वर केले होते. पारूबाई पुढे झाली, तिनं आभाळाकडे बघितलं आणि गाडीवरचा दगड पोटाशी धरून उचलला.

"बघत काय बसलाय?" ती आमच्यावर ओरडली. "हात चालवा, आभाळ आलंया!"